माझ्या चौकटीतून बाण नाही

मंगळवार, संध्याकाळ

संरक्षण यंत्रणांचे आराखडे काढायच्या प्रशिक्षणाला आमच्या ऑफिसातून मानसीची निवड झाली, माझी नाही. बायको असली म्हणून काय झालं, जळतोय मी. इथे लिहायला कसली लाज? खरी यंत्रणा गुप्त, म्हणून सरावाला तिनं आमचं घरच काढलं. माणसांच्या चौकटी, आणि कोण कुणाला काय कळवतं त्याचे बाण. आईकडून बाण, लेकीकडून बाण, दारावरच्या मासेवालीकडूनसुद्धा! माझ्या चौकटीतून एकही नाही.

"माझा बाण कुठाय गो?"

"तू काय कळवतोस ते सांग, लगेच काढते."

मासेवालीचा आहे, माझा नाही! निवडीला आठवडा झाला, मी अजून तिचं अभिनंदनही केलेलं नाही. केलं असतं, तर तेवढा एक बाण तरी निघाला असता.