जामीन राहिलेली बहीण

प्रिय किफ्लोम,

हे पत्र त्सेगाच्या सामानात, शिरोच्या पिठाच्या डब्यात दडून तुझ्यापर्यंत येतंय. पीठ आईने स्वतः हरभऱ्यात मिरची घालून दळलंय, ते खा. पत्र मात्र वाचून लगेच फाडून टाक. यंदाही गावात बेलेस आलेत. निवडुंगाच्या फळांच्या मोसमात उगवणाऱ्या तुम्हा परदेशी मंडळींना गाव आता त्या फळांच्याच नावाने ओळखतं. त्सेगाही त्यांतलीच, दर उन्हाळ्यात येते, आईला साबण देते आणि "इथे काय बाई ऊन!" म्हणत छत्री धरून हिंडते. आई प्रत्येक बसला दाराशी जाऊन उभी राहते. तू येणार नाहीस हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी जाते, आणि घरात येऊन माझ्यावर खेकसते.

त्सेगाने फोनवर तुझी मुलाखत दाखवली. तिथल्या बाईने सुरुवात कशी झाली ते विचारलं, तर म्हणालास, "आम्ही दोघं भावंडं शाळेला अनवाणी पळत जायचो." दोघं म्हणालास हेच नशीब. त्या दोघांत पुढे कोण असायचं, ते मात्र सोयीने विसरलास. आपलं गाव सायकलवेडं, पळणाऱ्याला कोण विचारतं? चढावर बसलेले म्हातारे ओरडायचे, "काय रे, बापाने सायकल विकून खाल्ली का?" तू मान खाली घालायचास. मी उलटून म्हणायचे, "आजोबा, तुमची साखळी पडलीय, आधी ती बसवा!" गेब्रेआब मास्तरांनी आपल्याला दोघांनाही पळणं शिकवायला घेतलं, आणि एकदा घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगा चांगलाच आहे, पण दम पोरीत जास्त आहे." त्या दिवशी आईने त्यांना घरी आंबवलेल्या सुवाचा दुसरा पेला भरलाच नाही.

मग तुझी परदेशातल्या शर्यतीसाठी निवड झाली. तू परत येशील याला घरचं कोणीतरी जामीन हवं होतं. बाबा लढाईच्या आघाडीवरून परत आलेच नव्हते, आई आजारी, म्हणून सही मी केली. निघायच्या दिवशी आईने कॉफी मांडली आणि तिसरी, आशीर्वादाची फेरी व्हायच्या आतच तू उठलास. ती म्हणाली, "बस रे, बेरेका राहिली अजून." तू हसलास, "आल्यावर पिईन की! जातोय कुठे?" सगळं तेव्हाच ठरलं होतं का रे? मला इतकी वर्षं हेच विचारायचं होतं. शर्यतीत तू तिसरा आलास, बायकांनी आनंदाने गल्ली डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी तुझ्या हॉटेलच्या खोलीत फक्त संघाचे कपडे मिळाले, नीट घड्या घातलेले. त्या घड्या घालायला तुला मीच शिकवलं होतं.

जामीन म्हणून शिपाई मला दारातून घेऊन गेले. तिथलं काही लिहीत नाही, आईलाही कधी सांगितलं नाही. सुटले तेव्हा संघातून माझं नाव गेलं होतं. पुढची परदेशातली शर्यत माझी होती, आठवतं? त्याऐवजी मला पश्चिमेच्या त्या तापलेल्या रानात कालवे खणायला धाडलं. माझ्या लेकीचा, लुवामचा बाप तिथे भेटला, एवढंच काय ते बरं झालं. आणि तू त्या बाईला गंभीर चेहऱ्याने सांगतोस, "माझ्यासाठी घरच्यांनी फार त्याग केला." किफ्लोम, मी काही दिलं नव्हतं. तू न विचारता घेतलंस. मला अजून राग येतो. चर्चमध्ये उभी असतानासुद्धा येतो, आणि मग देवासमोर लाज वाटते.

बरं, एवढं करून मिळवलंस काय? चार शर्यती, मग गुडघा, आणि आता म्हणे बायकांच्या शर्यतीत पुढे पळून त्यांना वेग लावून देतोस आणि मधेच बाजूला होतोस. त्सेगा कौतुकाने सांगत होती आणि मला हसू आवरेना. "एवढं हसायला काय झालं गं?" म्हणाली. म्हटलं, "काही नाही, मधेच सोडून जायचं काम आमच्या भावाला छान जमतं."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझी लुवाम पळते. तुझ्यासारखी नाही, माझ्यासारखी. तिची निवड झालीय आणि शर्यत तुझ्याच शहरात आहे. पुन्हा जामीन लागला. कार्यालयातल्या माणसाने माझं नाव वाचलं आणि मान वर केली, "बाई, तुमच्या घरातले पाय फार लांब जातात. पोरीचा भरवसा आहे ना?" मी म्हटलं, "तिचा माझ्यावर फार जीव आहे, साहेब. येईल ती." आणि सही केली. लुवामही तेच म्हणते, "आई, तू सही केलीस ना? मग मी येणारच. मी काही मामा नाही." खरंच येईल रे ती, मला भीती त्याचीच आहे. इथे परतली तर तिच्याही हाती एक दिवस कालव्याची कुदळच येईल. शर्यत संपली की तिच्या हॉटेलवर जा. रडली तर रडू दे, माझ्याबद्दल वाटेल ते खोटं सांग, पण तिला परतीच्या विमानात बसू देऊ नकोस. माझं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. या वेळी निदान ते मला विचारून होईल.

तुझीच, राग धरूनही तुझीच,
ब्रिख्ती