शरयूआत्याची हाक

अल्फारेटा, अमेरिका

शरयूआत्या,

तिन्हीसांजेला तू अंगणात "आ, आ, आ" करायचीस आणि कोंबड्या धावत खुराड्याकडे यायच्या, मग तू त्यांना रात्रीपुरतं आत कोंडायचीस. आज ते फार आठवलं.

आमच्या कंपनीने पक्षी मारायची पिकनिक काढली होती. लाज कशी वाटत नाही यांना! पिंजऱ्यात वाढवलेले फेझंट, म्हणजे कोंबड्यांसारखेच लांब शेपटीचे पक्षी, आमच्यासमोर सोडले, पण ते उडेचनात. माणूस दिसला की दाणे मिळतात, एवढंच त्यांना ठाऊक. मी बंदूक ठेवली, पुढे गेले आणि तुझ्यासारखी हाक मारली. सगळे माझ्या पायाशी जमले. मॅनेजर ओरडला, "रेणू, मूव्ह!" मी हलले नाही. शेवटी शूटिंग कॅन्सल झालं.

पक्षी परत पिंजऱ्यात भरले. शनिवारी दुसरी कंपनी येणार आहे.

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू लगेच विचारशील, "मग रात्री कुठे कोंडलंस गं त्यांना?"

तुझी,
रेणू