शिवेपलीकडचं दार

प्रिय मुराद,

सकाळपासून कानात आपल्या शाळेतला एकच गलका घुमतोय. गुरुजी छडीनं नकाशावर ठेका धरायचे आणि आपण सगळे भूपाळीच्या चालीवर कुलाबा जिल्ह्याचे तालुके गायचो. पेण, पनवेल, उरण, अलिबाग... पोलादपूर अगदी शेवटी. तेव्हा तो धड तालुकाही नव्हता, नुसता महाल. म्हणूनच की काय, तू नि मी ते नाव असं ठणकावून म्हणायचो की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहायचे. मला कवितेचं वेड लागलं ते त्या यादीनं. पुढे मास्तर झालो, तीच चाल पोरांना शिकवली. नकाशात महाड गुलाबी, पोलादपूर हिरवं. दोन रंगांच्या मधल्या रेघेवर उभं राहिलं तर काय दिसतं, असं एका मुलीनं विचारलं होतं. काही दिसत नाही बाळ, असं मी सांगितलं. आता मी त्या रेघेवरच राहतो, आणि मला दुसरं काही दिसत नाही.

डोंगराला भेग गेली तेव्हा आमची भांडीकुंडी तुझ्याच जीपनं खाली आली, ते तुला ठाऊक आहे. पोलादपूरच्या बाजूला सपाट सरकारी जागा मिळेना, म्हणून आमच्या वरच्या वाडीला ओढ्याच्या अलीकडे, महाड तालुक्यात घरं दिली. घरं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. दारात नळ आहे. रेशनकार्ड महाडचं झालं, मतदार यादीत नाव महाडला आलं. फक्त ही जागा इथल्या गावाचं गुरचरण होती. त्यामुळे इथलं कुणी आमच्याशी बोलत नाही. त्यांच्या गावकीचा म्होरक्या मालोजी रोज समोरून जातो तो असा, की जणू इथे अजून गवतच आहे.

बयाबाईचं फोनवर तुला सांगितलं ते अर्धंच. तिचं हृदय थकलंय. महाडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला हलवू नका, आणि पावसाळ्याचे बेत करू नका. ती काही मागत नाही रे. संध्याकाळी मी उशाशी बसून शाळेतल्या कविता म्हणतो, ती डोळे मिटून ऐकते आणि कविता संपली की विचारते, शिमगा कधी हाय? लग्न होऊन माझ्या घरी आली तेव्हापासून आपल्या गावदेवीची, सोमजाईची पालखी दारात आली की ओटी तिनंच भरली. यंदाही तिनं खण काढून ठेवलाय. एवढी एकदा भरू द्या, म्हणते. मग माझं काय व्हायचं ते होऊ द्या.

म्हणून मी ओढ्यापलीकडे, आपल्या जुन्या खालच्या गावात गावकीपुढे जाऊन बसलो. तुझ्यामाझ्या वर्गातला हैबती आता तिथला कर्ताधर्ता आहे. म्हणाला, मास्तर, तुम्ही आता मोठ्या तालुक्याचे, आमच्या डोंगरातल्या देवीशी तुमचं काय काम? सगळे हसले, मीही हसलो. मग हात जोडून म्हटलं, ओढा ओलांडून एकच घर. तेव्हा त्याचं हसू गेलं. देवी शिवेबाहेर पाऊल टाकत नाही, त्याच्या आज्यापणज्यानं टाकू दिलं नाही, तो कोण लागून गेला? मी म्हटलं, मग वरच्या वाडीत यंदा पालखी नाहीच का? तर म्हणाला, जाणार की, प्रत्येक दारात जाणार. मी म्हटलं, अरे, तिथे आता कुत्रंसुद्धा नाही! त्यावर तो जे बोलला ते ऐकून मी उठलोच. “मास्तर, देवी दारात येते. मानसामागं फिरत नाय.”

तेव्हा परवा सकाळी सनई-ढोलाच्या गजरात सोमजाई आमच्या ओसाड ओट्यावर जाईल, कुलपासमोर टेकेल आणि निघून जाईल. आणि बयाबाई इथे नळाच्या घरात खण उशाशी घेऊन पडलेली असेल. राजेशला मुंबईला फोन केला. तो चिडला, म्हणाला, बाबा, देवीचा फोटो लावा भिंतीला. पोरगा वाईट नाही, घाबरलाय.

मुराद, आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. परवा पहाटे तुझी जीप पाठव. ताबिशला पाठवू नकोस, नातवाच्या माथी हे नको, तूच ये. मी बयाबाईला वरच्या घरी नेणार आहे. भिंत फुगलीय, रस्ता खचलाय, तिथे जायला बंदी आहे, तिला हलवायचं नाही, सगळं मला कळतं. फोनवर तू नाही म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं, म्हणून दुधाच्या टेम्पोबरोबर ही चिठ्ठी धाडतोय. आम्हाला दारात सोड आणि लगेच खाली उतर, भिंतीखाली थांबू नकोस. ओटी भरून झाल्यावर तिला परत उतरवता येईल असं मला वाटत नाही. तिच्यामागे मीही उतरेन असं वाटत नाही. राजेशनं विचारलं तर सांग, बापानं फसवून जीप नेली.

टेम्पोवाला हॉर्न देतोय, पण थांब. सही करायच्या आधीच दार वाजलं. मला वाटलं तोच आला. दारात मालोजी उभा आहे. आम्ही इथे आल्यापासून पहिल्यांदाच. हातात नारळ, नजर उंबऱ्यावर. म्हणाला, “मास्तर, परवा सकाळी आमच्या काळकाईची पालखी तुमच्याकडं येनार. आमच्या शिवेतलं एकबी दार ती सोडत नाय. अंगन सारवून ठेवा.” आतून बयाबाईनं ऐकलंय. उठून बसायचा प्रयत्न करतेय आणि विचारतेय, अवो, कंची देवी येते म्हनाले?

तुझाच,
सयाजी