महाड–पोलादपूर, न थांबता

रविवार, ५ जानेवारी २०२५
विनोदिनीला जाऊन दोन महिने होत आले. भेटायला येणारे कमी झाले, ते बरं. जो तो सांगायचा, मन कशाततरी रमवा. कशात, ते एकालाही सांगता आलं नाही.
आज मोटरसायकल बाहेर काढली. १,६३,४१२ किलोमीटर. एकोणीस वर्षं झाली. गोकर्ण, हंपी, दोनदा गुजरात. मागच्या सीटवर विनोदिनी. एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, कारण देखभाल माझी. दर रविवारी, कोर्टाला सुट्टी असते तेव्हा, स्वतःच्या हाताने. मेकॅनिककडे गाडी दिली की ती आपली राहत नाही. बाजारातला सुनील तर नट फिरवताना गाणी म्हणतो.
अकराव्या किकला सुरू झाली. थंडी आहे.

रविवार, १९ जानेवारी
चेन ओढून ताठ केली. बोट लावलं तर तारेसारखी वाजते. पुस्तकात थोडी ढील ठेवा असं लिहिलंय. लिहिणाऱ्याने कशेडी घाट पाहिलेला नसावा.
शेजारचा ओंकार नवी गाडी दाखवायला आला. सर्व्हिसिंगची वेळ झाली की गाडी मोबाईलवर मेसेज पाठवते म्हणे. ज्या मालकाला गाडीचं दुखणं फोनवरून कळतं, त्याने रिक्षाने फिरावं.
संकल्प : पावसाआधी एकट्याने गोकर्ण.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ९
आधी छोटी फेरी. सव गावच्या गरम कुंडांपर्यंत.

सकाळी ९.२०
चेन तुटली. हल्लीच्या लोखंडात काही राम नाही.
ढकलत घरी. ओंकारने विचारलं, "काका, व्यायाम का?"

रविवार, २३ फेब्रुवारी
ठाण्याहून वैदेहीचा फोन. गाडी ढकलल्याचं तिला कळलंय. ओंकारच. म्हणाली, "बाबा, विकून टाका. घाटात बंद पडली तर?" मी म्हटलं, ही गाडी बंद पडत नाही. तिने अट घातली : ११ मेपर्यंत महाड ते पोलादपूर आणि परत, न थांबता. जमलं तर गाडी राहील. नाहीतर जावई गिऱ्हाईक घेऊन येणार.
पोलादपूर! मी हंपीला जाऊन आलेला माणूस. लगेच हो म्हटलं.
गोकर्ण तूर्त रत्नागिरीवर आणलं.

रविवार, १६ मार्च
एअर फिल्टर काळा झाला होता. पावडरच्या पाण्यात भिजवला, चोळला, दोरीवर वाळत घातला. कागदाचा असल्यामुळे थोडा विस्कटला. नवीन घेणारे मूर्ख असतात.
फेरी पहिली. महाडची हद्दही ओलांडली नाही. पेट्रोलमध्ये भेसळ.

रविवार, ३० मार्च
पाडवा. वर्ष पाळायचं, म्हणून आमच्याकडे गुढी नाही. आळीतल्या सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार. हारांनी इंजिन चालत नाही.
ऑइल बदललं. कंपनी सांगते त्यापेक्षा पाव लिटर जास्त. इंजिनाला कंजूषपणा नको.
फेरी दुसरी. अर्ध्या वाटेत एवढा धूर झाला की मागचा एसटी ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ आजोबा, डास मारताय काय?" आजोबा! मला अठ्ठावन्न पूर्ण नाहीत.
रत्नागिरीचं नंतर पाहू.

रविवार, २० एप्रिल
इंजिनातले टॅपेट आवळले. सगळंच आवळलं. आता सैल असं काही उरलेलं नाही.
विनोदिनी असताना या गाडीने कधी कुरकुर केली नाही. तेव्हाही हेच हात, हेच पाने. हवा बदलली आहे. लोक मान्य करत नाहीत.

रविवार, ४ मे
फेरी तिसरी. लोहाऱ्याला बंद. पोलादपूर समोर. तासभर किक मारली.
शेवटी सुनील टेम्पो घेऊन आला. मी बोलावला नव्हता. ओंकारने कळवलं. चेनला बोट लावून हसला.
गाडी टेम्पोत चढवताना म्हणाला, "सायेब, वहिनी गेल्या तशी ही दुकानात आलीच नाय. मी म्हटला, आता हिचा काय खरा नाय."
म्हटलं, माझी गाडी तुझ्या दुकानात कशाला येईल?
त्याने टेम्पोचं फळकं लावलं. म्हणाला, "दर बुधवारी यायची. तुमी कोर्टात गेलात की वहिनी घेऊन यायच्या. तुमी रविवारी आवळायचे, आमी बुधवारी सोडायचो. वहिनींनी शपथ घातलेली, सायबांना सांगायचा नाय."
मी विचारलं, कोण ढकलायचं?
"ढकलायला कशाला? चालवत आणायच्या. काम झाला की पोलादपूरपर्यंत ट्रायल मारून यायच्या."
खोटारडा. विनोदिनीला गाडी येत नव्हती. मी शिकवलीच नव्हती.

सोमवार, ५ मे
कोर्टातून येताना ओंकारला सहज विचारलं, बुधवारी आमची गाडी कधी रस्त्यावर दिसायची का?
म्हणाला, दिसायची की. "तुमचं हेल्मेट, तुमचं जाकीट. मला वाटायचं तुम्हीच, काका. बुधवारी तुम्ही फार छान चालवायचात."

शनिवार, १० मे
उद्याची मुदत. किल्ली सुनीलच्या काउंटरवर ठेवली.

रविवार, ११ मे, दुपारी १
महाड ते पोलादपूर आणि परत. न थांबता.
सुनीलने रात्रीतच चेन सैल केली होती, जादा ऑइल काढलं होतं, नवा फिल्टर घातला होता. सकाळी मी हँडल धरायला गेलो तर म्हणाला, "पयला फेरा माझा. तुमी मागे बसा."
या गाडीच्या मागच्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. अरुंद आहे. धरायला काही नाही. रस्ता दिसत नाही, चालवणाऱ्याची पाठ दिसते. प्रत्येक खड्डा आधी कमरेला कळतो, मग डोळ्यांना. अठरा किलोमीटर जाताना, अठरा येताना. विनोदिनी इथे बसून हंपीपर्यंत आली, कधी तक्रार केली नाही.
वैदेहीला फोन करून सांगितलं : फेरी पूर्ण, गाडी राहणार. ती म्हणाली, "छान झालं, बाबा. चालवत कोण होतं?"
रेंज जातेय, असं सांगून फोन ठेवला.