दोन पांढरे

१२ जानेवारी, सोमवार

— अन् वरून म्हणते काय, मावशी, हीच साडी फोनवर भेटून राहिली, राहू द्या. राहू द्या! अर्धी मांडणी खाली काढली तिच्यासाठी. नेसवून दाखवली. पदर कसा घ्याचा, खाली बसल्यावर कोणत्या कपड्याच्या निऱ्या फुगतात, कोणता कपडा फोटोत आरपार दिसते, सगळं सांगतलं. पोट्टीनं फोटो काढले. तिच्या मायनं चहा घेतला. गेल्या दोघी. घड्या घालत कोण बसली? मी.

दुसरं काही ठेवत नाही मी दुकानात. आपल्या बौद्ध लग्नात नवरीले पांढरी लागते, तेवढीच ठेवते. साऱ्या अकोल्याले माहीत आहे, जुन्या शहरात शकुनबाईकडे पांढरी भेटते. म्हणून सारं अकोला इथं येऊन हात लावून पाहते, अन् घरी जाऊन फोनवर घेते. मी काय नमुना दाखवाले बसली का?

संध्याकाळी मालक आले, महादेवराव. भाडेकरार फेब्रुवारीच्या शेवटी संपते. ठेवता का सोडता, सव्वीस फेब्रुवारीले सांगा म्हणे. मोबाईलचे कव्हर विकणारा एकजण जागा मागून राहिला. मोबाईलचे कव्हर! म्हणजे त्याच फोनले झबलं-टोपडं घालाले माझं दुकान पायजे. महादेवराव माणूस वाईट नाही. बोलताना खाली पाहत होते.

१५ जानेवारी, गुरुवार

पाहणारे पुष्कळ. घेणारं एक नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज एक माणूस आला. मोतीराम नाव. एसटीत ड्रायव्हर होता, आता रिटायर. खिशातून फोन काढून माझ्या समोर धरला. साडीचा फोटो. म्हणे, "बाई, खोटं नाई बोलत. साडी फोनवरच घेणार हाय. मले नुसता असा कपडा हातात धरून पाहाचा हाय."

दहा वर्षांत असं तोंडावर कोणी सांगतलं नव्हतं. बाकीचे निदान घेतो घेतो म्हणतात, मंग पळतात. मी म्हटलं, "भाऊ, चौकात हातगाडी आहे, तिथंबी हात लावू देतात."

जाईल तं शपथ. म्हणे, तिथं हात लावता येते जी, पण सांगणारं कोणी नाई.

मंग सांगतलं त्यानं. पोरगा प्रीतम पुण्याले नोकरीत. होणारी सून दीपमाला अमरावतीची, तीबी पुण्यालेच. लग्न पंधरा फेब्रुवारीले अमरावतीत. नवरीची साडी मुलाकडून जाते, तं घरच्या बाईनं ती पाहावी. बायको त्याची वारली. मंग आता कोण पाहीन? पोरगी फोनवरून फोटो पाठवते, बाबा ही कशी? अन् याले काय समजते — डिझेल अन् ब्रेक.

दाखवल्या. बोंबलत बोंबलत दाखवल्या, पण दाखवल्या.

जाताना त्यानं साड्या घडी घालून ठेवल्या. गिऱ्हाईकानं घडी घातली! सगळ्या वाकड्या. तो गेल्यावर मी पुन्हा केल्या. तरी मनातून बरं वाटलं, खोटं काहून लिहू.

२३ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा आला. रुमालात बोरं बांधून आणली. म्हटलं, हे काय, सल्ल्याची फी? तं म्हणे, नाई जी, घराच्या मागं झाड हाय, एकट्यानं किती खावं.

फोनवर नवी साडी होती. जरीचा काठ टीचभर रुंद. म्हटलं, हे नको. पोरगी उंच आहे का ठेंगणी? ठेंगणी. मंग इतका काठ घेतला तं निम्मी पोरगी काठातच जाईल. बारीक काठाची घे म्हणा.

त्यानं तिथंच बसून एकेक अक्षर शोधत सुनेले लिहिलं. मी डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, शकुनबाई म्हणतात काठ बारीक घे.

माझं नाव पुण्याले गेलं. दीक्षाचे बाबा गेल्यापासून मले कोणी विचारतच नाही. दीक्षा नागपूरहून फोन करते — जेवली का, गोळी घेतली का, दुकान बंद कर अन् इकडे ये. पोरगी गुणाची आहे. पण सांगते. विचारत नाही. गिऱ्हाईक विचारते तं भाव विचारते. या माणसानं विचारलं, तुमाले काय वाटते.

बोरं गोड होती.

२४ जानेवारी, शनिवार

बोरं संपली.

३० जानेवारी, शुक्रवार

घेतली त्यायनं साडी. फोनवर. सांगाले आले तं दुकानात येईनात, पायरीवरच उभे. म्हणे, "घेतली जी. तुमी सांगतली तीच." चोरी केल्यासारखं तोंड.

मी निवडलेली घेतली म्हणून मले आनंद झाला. मंग आनंद झाला म्हणून राग आला. दुकान माझं बुडून राहिलं अन् मी दुसऱ्याच्या दुकानात माझ्या पसंतीचा माल खपला म्हणून खूश! डोकं ठिकाणावर आहे का माझं? त्यायले म्हटलं, आता झालं ना काम, या. म्हणजे जा.

गेले. मंग दुकान लय मोठं वाटलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

दुपारी मोतीरामजी आले. हातात दोन पिशव्या, तोंड उतरलेलं. एका पिशवीत फोनवरची साडी. चांगली निघाली, कपडाबी चांगला. दुसऱ्या पिशवीत नवरदेवाचा कुर्ता. नवरदेवाचे कपडे मुलीकडून येतात, म्हणून दीपमालाच्या माय, भावनाबाई, त्यायनं अमरावतीत खादीचा शिवून घेतला. मोतीरामजी काल हॉल पाहाले अमरावतीले गेले होते, येताना लांबी कमी कराले कुर्ता घेऊन आले. घरी पलंगावर दोन्ही शेजारी ठेवले अन् घाबरले.

माझ्या गादीवर अंथरले. साडी निळसर पांढरी, चांदण्यासारखी. कुर्ता दुधाळ. वेगवेगळं पाहिलं तं दोन्ही सुंदर. शेजारी ठेवलं का कुर्ता मळका दिसे. जसा काही नवरदेव कालचाच घालून आला.

ही चूक आपल्याच लग्नात होते. लाल-हिरव्याले कोण पाहते? इथं दोघंबी पांढऱ्यात. साडी एका गावात घेतात, कुर्ता दुसऱ्या गावात, अन् दोन पांढरे पहिल्यांदा भेटतात ते स्टेजवर. तवा कोणी बोलत नाही. मंग जन्मभर फोटोत दिसते. मी किती लग्नांत पाहिलं, अन् गप बसली.

मोतीरामजी म्हणे, "बाई, या कुर्त्याले जुळणारी साडी द्या. आता इथूनच घेतो."

दुधाळ साडी वरच्या फळीवर होती. बारीक काठाची. मी स्टुलावर चढली. हात साडीवर ठेवला. तेवढ्यात ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणे, दीपमालाले सांगू कसं? तिनं मैत्रिणींले फोटोबी दाखवून ठेवले. रोज विचारते, बाबा, साडीले ऊन दाखवलं का, घडी बदलली का.

मी हात खाली घेतला. स्टुलावरून उतरली. म्हटलं, साडीले हात लावू नका. कुर्त्याले नीळ द्या.

ते म्हणे, "तुमी साडी काहून नाई विकून राहिले मले?"

"तोंड बंद ठेवा अन् मागून बादली आणा."

अन् मंग मी माझ्या स्वभावावर गेली. घाई! नीळ सरळ बादलीत ओतली, वरून कुर्ता कोंबला. काढला तं छातीवर हे मोठे निळे डाग. लग्नाचा कुर्ता. भावनाबाईनं शिवून घेतलेला. पोराचा. खाली बसली नळाजवळ.

ते रागावले नाहीत. दुसरा कोणी असता तं दुकान डोक्यावर घेतलं असतं, मीच घेतलं असतं. ते म्हणे, "गाडी बंद पडली का आधी पॅसेंजरले चहा प्याले पाठवाचं, मंग बोनेट उघडाचं." गेले अन् चहा घेऊन आले. मले पाजला. मंग दोघांनी नळाखाली लिंबू अन् साबण लावून डाग काढले. ते घासत होते, मी पाणी टाकत होती. दुसऱ्यांदा नीळ वेगळ्या मगात कालवली, फडक्यानं गाळली, थेंब थेंब बादलीत सोडली. कुर्ता एकदाच बुडवून काढला. मागच्या अंगणात सावलीत वाळवला. वाळेपर्यंत काही समजत नाही, म्हणून दोघं पायरीवर बसलो. आलेल्या एका बाईले मी दुकान बंद आहे म्हणून परत पाठवलं. उघड्या दुकानातून.

वाळला. साडीशेजारी ठेवला. मोतीरामजी दारापाशी उजेडात घेऊन गेले, उलटा केला, सुलटा केला. मंग म्हणे, आता दोघं एका घरचे दिसतात.

आज एकदाबी मी त्यायले भाऊ म्हटलं नाही. आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

अमरावतीले जाऊन आली. त्यायनं बोलावलं होतं. घरी येऊन पत्रिका दिली, फोनवर टाकली नाही. सकाळच्या एसटीनं गेली. दुकान बंद ठेवलं, कोणाचं काय अडते.

वंदना झाली. दोघं उभे राहिले. एकच पांढरं. सगळा हॉल तोंडं पाहत होता, मी अन् मोतीरामजी कपडे पाहत होतो. मधातच त्यायनं लांबून माझ्याकडे पाहिलं अन् मान हलवली. मीबी हलवली.

भावनाबाई भेटल्या. माझा खादीचा रंग कसा उठून दिसते पाहा म्हणे. हो म्हटलं.

मंग दीपमाला आली, स्टेज सोडून. पाया पडाले वाकली, मी धरली. म्हणे, "तुमीच का शकुनबाई? बाबा रोज लिवत होते, शकुनबाई असं म्हणतात, शकुनबाई तसं म्हणतात. मले वाटलं, माह्या सासूबाई असत्या तं अशाच बोलल्या असत्या."

निऱ्या नीट कर म्हटलं.

मंग तिनं मैत्रिणीले ओढत आणलं. तिचं लग्न एप्रिलमध्ये. साडी फोनवर घेऊन झाली, नवरदेवाचे कपडे यवतमाळहून येणार. दीपमालाले कुर्त्याचं सगळं माहीत होतं, बाबांनी सांगतलं होतं. मैत्रीण म्हणे, मावशी, दोन्ही तुमच्याकडे पाठवते, जुळवून द्या, तुमचे जे होतील ते घ्या. पयले मले चीड आली — पुन्हा फोनवरचीच! मंग थांबली. घेऊ दे ना फोनवर. फोन दोन गावचे पांढरे एका गादीवर ठेवून थोडाच पाहणार? फोटोत तं सगळे पांढरे सारखेच.

येताना एसटीत खिडकी भेटली. कोणाकोणाचे उपकार मानू? ती पोट्टी बारा जानेवारीची, जी राहू द्या म्हणून गेली, तिचेबी मानते. तिचा राग धरून बसली होती, म्हणूनच मोतीरामजींवर इतकी ओरडली, अन् ओरडूनबी जो गेला नाही तो माणूस कसा आहे ते कळलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

लग्न झालं. काम संपलं. तरी मोतीरामजी आले. कशाले आले ते त्यायले सांगता येईना, मी विचारलं नाही. घड्या घालत बसले. आता सरळ घालतात.

मी मनातलं सांगतलं. जुळवून द्याचं काम. गावोगावचे कपडे आणाले-पोचवाले माणूस पायजे. म्हणे, विदर्भातला एकबी स्टँड असा नाई जिथं मले कोणी चहा पाजत नाई. मी आणतो.

दीक्षाचा फोन आला. दुकान ठेवून राहिली म्हटलं. मंग म्हणे, आई, तुझा आवाज बदलला.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज उभ्या उभ्या विचारून टाकलं. मले फिरवून बोलता येत नाही. म्हटलं, मोतीरामजी, रोज येता, लोक विचारतील हे कोण. मले सांगाले काही पायजे. लग्न करता का माझ्यासंग? दीक्षाले मी सांगते, प्रीतमले तुमी सांगा.

त्यायच्या हातात अर्धी घडी होती. ती तशीच राहिली. तोंड उघडलं, पण मीच थांबवलं. म्हटलं, आत्ता नाही. घरी जा, विचार करा. दुकान मी ठेवतेच, तुमी हो म्हणा का नाही म्हणा. पण गुरुवारी महादेवरावसोबत करार कराचा आहे, अन् तो एकटीचा एका वर्षाचा का दोघांचा पाच वर्षांचा, हे तुमच्यावर आहे. मले ताटकळत ठेवाचं नाही. बुधवारी दुकान बंद व्हायच्या आत सांगा. इथं येऊन.