अजून बरंच पाहायचं राहिलं

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी ९.४०
बेटावरच्या मलबार टेकडीच्या अर्ध्यावर, दगडावर बसून. बायको ग्लेनिस आणि डेस पुढे गेले. मुद्दाम जाऊ दिलं. कप्तानाने मागे राहावं, म्हणजे कुणी हरवलं तर कळतं.
लॉर्ड हाऊ बेटावर आज नववा दिवस. येताना समुद्र थोडा उंच होता. ग्लेनिस म्हणते तसा मी केबिनमध्ये जमिनीवर पडून नव्हतो. तिथून बोटीचा आवाज नीट ऐकू येतो.
आता ब्रिस्बेन. चार दिवसांचा प्रवास. शिडांना आग्नेयेचा वारा हवा. मुलगी ब्रॉनी बाळंत होणार, तारीख एकवीस. तोवर तिची आई तिच्याजवळ असेल, हा शब्द माझा. भरपूर वेळ आहे.

रविवार, १२
आग्नेयेचा वारा आला. पंधरा नॉट. डेस म्हणाला, कप्तान, भट्टीतून आत्ता काढलाय बघ, गरमागरम. चाळीस वर्षांचा मित्र, पण घाईचा. त्याला सांगितलं, उद्या गोवर डोंगरावर वाटाड्याबरोबर तीन जागा मिळाल्यात. ते न पाहता जाणं हा बेटाचा अपमान. ग्लेनिस म्हणाली, नेव्ह, डोंगर थांबेल. बाळ थांबणार नाही.
मुद्दा भावनिक आहे. नोंदवून ठेवला.

सोमवार, १३
ते दोघे शिखरापर्यंत गेले. मी कड्यावरच्या दोरापाशी थांबलो. गुडघा. वाटाड्या म्हणाला, दोर धरायचा आणि खाली बघायचं नाही. त्याला म्हटलं, मी खलाशी आहे, दोर मला शिकवू नकोस. मग धरला नाही. तिघांची सँडविचं खाल्ली.
वारा दिवसभर तसाच. दोन बोटी गेल्या. उतावीळ माणसं.

मंगळवार, १४. संध्याकाळी
बॅरोमीटर एक रेघ खाली. माझ्याशिवाय कुणाला दिसली नाही. म्हणून निघणं पुढे ढकललं, नेड्स बीचवर गेलो. मासे पायांत येतात, हातातून पाव खातात.
ग्लेनिस टेलिफोन बूथमध्ये अर्धा तास. ब्रॉनीचे पाय सुजलेत म्हणाली. मी म्हटलं, तुझेही सुजले होते, काय झालं? ती म्हणाली, तुला कसं माहीत, तू बोटींच्या प्रदर्शनात होतास.
डेस बंदरावरच्या मॅक्सशी कुजबुजत होता. मी जवळ गेल्यावर दोघे एकदम हवामानाबद्दल बोलू लागले.

गुरुवार, १६. दुपारी ३.३०
काल म्युझियम. आज निघायचं ठरवलं होतं. भरतीला, प्रवाळातल्या वाटेने. ऐनवेळी वाटेत मला लाट फुटताना दिसली. मॅक्स रेडिओवर म्हणाला, लाट? अरे मित्रा, चहात साखर ढवळली तरी याहून जास्त हलतं. त्याच्याशी वाद घालेपर्यंत भरती टळली.
उद्या शुक्रवार. शुक्रवारी बोट प्रवासाला काढत नाहीत. हे मी काढलेलं नाही. आजोबाही पाळायचे. शनिवारी नक्की.

तोच दिवस. संध्याकाळी ६
ग्लेनिसने तोड काढली. जुने खलाशी करायचे तीच. गुरुवारीच दोर सोडायचा, जरा पुढे जाऊन पुन्हा बांधायचा. प्रवास गुरुवारी सुरू झाला, शुक्रवारी फक्त चालू राहिला. ही युक्ती तिला माझ्याच वडिलांनी शिकवली होती. मला कधी बोलले नाहीत.
डेसने दोर सोडला, ती सुकाणूवर. दोनशे मीटरवरच्या तरंगत्या बोयाला बोट बांधली. मॅक्सने धक्क्यावरून टाळ्या वाजवल्या. ग्लेनिस म्हणाली, झालं, निघालो आपण. उद्याच्या भरतीला बाहेर.
मी विचार केला. पुन्हा बांधली की प्रवास संपला. म्हणजे उद्या तो नव्याने सुरू होणार. शुक्रवारी. तिला शांतपणे समजावून सांगितलं. ती सुकाणू सोडून खाली केबिनमध्ये गेली. पटलं असावं.

शुक्रवार, १७. दुपारी २
ग्लेनिस गेली. ब्रिस्बेनच्या विमानाने. मी धक्क्याशेजारी कासवं पाहत होतो तेव्हा. डेसने तिला डिंगी होडीतून किनाऱ्यावर पोचवलं. तिकीटही त्यानेच काढलं होतं, मंगळवारी.
चाळीस वर्षं. त्याला म्हटलं, मला विचारायचं तरी. तो म्हणाला, विचारलं असतं तर तू तिला विमानतळ दाखवायला नेलं असतंस.
बॅरोमीटरच्या काचेवर चिठ्ठी. अक्षर तिचंच. येताना समुद्रात तू घाबरलास याचा राग नाही, मीही घाबरले होते. मला डोंगर दाखवत बसलास, त्याचा आहे.
घाबरलो? डेसला विचारलं, मी घाबरलेला दिसतो का. तो भांडी घासायला लागला.
विश्वास कुणावर ठेवायचा? बायको नाही, मित्र नाही, वडीलही नाहीत. उद्या शनिवार. भरती पहाटे पाचला. निघणार. ती परत फोन करेल तेव्हा आम्ही समुद्रात असू.

शनिवार, १८. सकाळी ८
पहाटे तीनला ब्रॉनीला मुलगी झाली. ग्लेनिस जवळ होती. मॅक्सने रेडिओवरून सांगितलं. डेस सोमवारच्या विमानाने जातोय. वारा आग्नेयेचा, पंधरा नॉट. बॅरोमीटर स्थिर. निघालो नाही.