चहाच्या रंगाचे पडदे

७ एप्रिल, मंगळवार

शनिवारी ह्यांची मुलगी आणि जावई तीन दिवस राहायला येत आहेत, मला धास्ती वाटते आहे आणि ती ह्यांना सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. एवढंच कारण.

सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून काढली. राहायला दोन खोल्या, त्याही वसतिगृहाच्याच. साठीत लग्न केलं, मांडलेलं घर आयतं मिळालं. पण पाहुण्यांसाठी घर कसं ठेवायचं असतं, ते कधी करावंच लागलं नाही.

मुलगी लग्नाला आली होती. त्यानंतर वर्षभर फिरकली नाही. नातीला तर इथे आणलेलंच नाही. हे तिचा फोटो रोज बघतात – मला दिसणार नाही अशा बेताने. ते पोर ह्या घरात येणार की नाही, हे ह्या तीन दिवसांवर आहे. मी ओळखून आहे.

८ एप्रिल

ठरलं. दिवाणखाना मुलीची आई होती तेव्हा होता तस्सा करायचा. दारातच वाटलं पाहिजे की घर आपलंच आहे, परकी बाई घुसून बसलेली नाही. ह्यांच्याकडून जुना फोटो मागून घेतला. मोठी शोकेस भिंतीच्या मधोमध, आत बाहुल्या. तपकिरी रेक्झिनचा सोफा. चहाच्या रंगाचे जाड पडदे – मी आल्या आल्या धुवायला म्हणून काढले ते परत लावलेच नव्हते. माळ्यावरून उतरवले.

माझी वेताची खुर्ची आणि पुस्तकं मागच्या खोलीत.

१० एप्रिल

सोफावाला आला. म्हणाला, बाई, हे रेक्झिन आता कोणी घेत नाही, छान कापड दाखवतो. म्हटलं, छान नको, हेच हवं. माझ्याकडे बघतच राहिला.

पडदे लावल्यापासून भर दुपारी दिवा लावावा लागतो. हे मात्र खूश – "वा, अगदी पूर्वीसारखं!"

११ एप्रिल, शनिवार

आले. नात नाही. नवीन जागा, रडेल, असं जावई म्हणाले – बायकोकडे न बघता.

मुलगी दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली. मग सोफ्याच्या कडेला टेकली, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी. काहीतरी चुकलं. काय, ते कळत नाही.

१२ एप्रिल

कळलं!

सकाळी चहा गाळत होते, तर ओट्याशी येऊन उभी राहिली. विचारलं, बाबा तुम्हाला काहीच बदलू देत नाहीत का? मी खरं ते सगळं सांगितलं, फोटोसकट. आधी हसत सुटली, मग डोळे पुसले. पडदे ह्यांनीच सेलमध्ये आणलेले, कोणाला न विचारता! शोकेसही ह्यांचीच हौस. तिची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली, घरात जरा उजेड येऊ द्या.

"आत आले आणि वाटलं, आईसारखंच तुमचंही इथे काही चालत नाही," म्हणाली. "तुमचं काय आहे ह्या घरात?"

मागची खोली दाखवली. वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली ती जेवायला हाक मारीपर्यंत उठली नाही. मी बाहेर भाजी चिरत होते. मधूनच हसल्याचा आवाज यायचा. कुठलं पुस्तक काढलंय, विचारलं नाही.

१३ एप्रिल

पडदे उतरवले. शोकेस जावयांनी आणि मी मिळून कोपऱ्यात ढकलली. त्यांना धाप लागली, मला नाही. हे मागेपुढे करत होते, चांगले आहेत की पडदे, म्हणत.

"बाबा, दोन बायका झाल्या तुमच्या. दोघींनाही नाही आवडले."

मग ह्यांनी स्वतःच स्टुलावर चढून शेवटची दांडी काढली.

तिच्या आईची तसबीर आता खिडकीसमोर आहे. जागा मुलीने निवडली, खिळा मी ठोकला.

१४ एप्रिल

गेले. नातीबद्दल ती बोलली नाही, मी विचारलं नाही.

दिवाणखान्यात ऊन येतं. खुर्ची पुढे आणून ठेवली, तर दुपारी हेच तिच्यात घोरत होते. उठवलं नाही.

२ मे, शनिवार

सकाळी बेल वाजली. मुलगी, आणि तिच्यामागे लपलेली आणखी एक. सुट्टी संपेपर्यंत ठेवा, म्हणाली. बाबांच्या भरवशावर नाही, तुमच्या. ते लाड करतील, शिस्त तुम्ही लावा. चहा घेऊन गेली.

मिळाले: नात, एक. कपड्यांची बॅग. कान तुटलेला कापडी ससा. आणि घरूनच पढवून आणलेली हाक – "रेक्टरआजी".